पेटीवाल्याचा डावा हात

बोरिवलीच्या आमच्या देवळात रविवारी दोन उपासना होत. आधी इंग्रजी, मग आमची मराठी. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. इमारत एक, बाकं तीच, वेदीवरची फुलंही तीच. पहिली माणसं एका दाराने बाहेर पडत आणि आम्ही दुसऱ्या दाराने आत शिरत असू. ही ऐंशीनंतरच्या वर्षांतली गोष्ट. चारकोपला सेक्टरांतली बैठी घरं नुकती उभी राहत होती आणि त्यातलंच एक आम्हाला मिळालं होतं.

मी रविवारी मुद्दाम लवकर पोचायचो आणि इंग्रजी उपासना चालू असताना बाजूच्या खिडकीखाली उभा राहायचो. त्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, गीताचा नंबर सांगत, आणि मग कोणीच गात नसे. सगळे पुस्तक उघडून उभे. ऑर्गनवर तेवढी एक ओळ वाजे. चार माणसांनी चार वाटांनी चालत यावं आणि एकाच दारात भेटावं, तसं त्या ओळीत काहीतरी होई. मग सगळी मंडळी एकदम श्वास घेई. तो श्वास मला खिडकीबाहेर ऐकू यायचा. त्यानंतर गाणं.

मला त्या श्वासाचा हेवा वाटायचा.

आमच्याकडे नंबर सांगून पाळकसाहेबांचं तोंड मिटायच्या आत आत्या सुरू झालेल्या असत. उजवीकडच्या पहिल्या बाकावर, भिंतीला धरून त्यांची जागा. सगळ्या मंडळीच्या त्या आत्या. आवाज असा की बाकांमधल्या फटीतून घुसून मागच्या बाकापर्यंत जाई. प्रत्येक गीत त्या एकाच पट्टीत उचलत, पेटीवरच्या काळी चारच्या आसपास. गीत दुःखाचं असो की आनंदाचं, लग्नातलं असो की मातीचं. आत्यांनी उचललं की बायका, बायकांमागून पुरुष, आणि सगळ्यांत शेवटी आम्ही वाजवणारे.

आम्ही म्हणजे तिघं. ऑर्गनवर बाई. त्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, तेव्हा निवृत्त झालेल्या. तबल्यावर माझा मित्र, घाटकोपरच्या एका वर्कशॉपात फिटर. आणि पेटीवर मी.

पेटी मी बोर्डिंगात शिकलो. माझे वडील तालुक्याच्या गावी मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाकी होते, आणि त्याच बोर्डिंगात माझं शिक्षण झालं. संगीताचे सर वगैरे काही नव्हते. संध्याकाळच्या प्रार्थनेला जो मुलगा पेटी वाजवी, तो मॅट्रिक होऊन गेला की खालच्या वर्गातला कोणीतरी त्या जागेवर बसे. तसा मी बसलो. मला कोणी काही शिकवलं नाही आणि कोणी उठवलंही नाही. पुढे आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. अंधेरीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. पुस्तक समोर ठेवून, वेळापत्रक आखून बसलं की जगात काहीही शिकता येतं, असा माझा समज होता. तो मला शाळेने दिला होता आणि त्याच्या जोरावर मी इथवर आलो होतो, त्यामुळे त्याच्यावर शंका घेण्याचं मला काही कारण नव्हतं.

एका पावसाळ्याच्या शेवटी बाईंनी कमिटीला सांगितलं की पुढच्या ईस्टरनंतर त्या लेकीकडे बेळगावला कायमच्या जाणार. त्यांच्या बोटांची पेरं सुजायची, एकटीने राहणं होत नव्हतं. कमिटीत चर्चा झाली ती अशी:

“मग ऑर्गनचं काय?”

“झाकून ठेवू. पेटी आहेच की.”

“इंग्रजीवाले म्हणतील, तुमच्यात वाजवणारं कोणी नाही.”

“म्हणू देत. नाहीच आहे.”

हे शेवटचं मला लागलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मी शिकतो.”

“कधीपर्यंत?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“ईस्टरपर्यंत.”

घरी जाऊन मी वेळापत्रक केलं आणि कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. दिवाळीपर्यंत डावा हात. नाताळपर्यंत दोन्ही हात एकत्र. ईस्टरला पुस्तकात लिहिलंय तसं, चारही सुरांत, म्हणजे चार वेगळे सूर एकाच वेळी वाजवत, एक गीत पूर्ण. बायकोने ते वाचलं आणि विचारलं, “डावा हात म्हणजे? डाव्या हाताला काय झालंय?”

काय झालंय ते मला पहिल्या सकाळीच कळलं.

ऑफिसला जायच्या आधी देऊळ उघडून घ्यायचं आणि बाईंनी शेजारच्या गल्लीतून चालत यायचं, असं ठरलं होतं. मी ऑर्गनवर बसलो. पायाखाली दोन फळ्या, त्या आळीपाळीने दाबायच्या म्हणजे आतल्या भात्यात हवा भरते. समोर पुस्तक. बाईंनी सांगितलं ते सूर मी उजव्या हाताने धरले आणि वाजवायला लागलो. ते बरं जमलं. पण बाई माझ्या उजव्या हाताकडे बघतच नव्हत्या.

“हा कोणाला टाटा करतोय?” त्यांनी विचारलं.

मी खाली पाहिलं. माझा डावा हात हवेत पुढे-मागे, पुढे-मागे चालला होता. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो. वाजवणं सगळं उजव्याचं, डाव्याने फक्त वारा घालायचा. इतकी वर्षं मी तेच केलं होतं. उजवा हात सुरात शिरला की डावा आपोआप भाता ओढू लागे, आणि इथे भाता पायाखाली होता.

“आवर त्याला,” बाई म्हणाल्या.

मी आवरला. तर पाय गाण्याच्या ठेक्यात पडू लागले. ठेक्यावर पाय पडला की हवा भसकन आत जाई आणि ऑर्गन प्रत्येक मात्रेला हुंकार देई.

“पाय चालवतोयस की खळ्यावर तुडवणी चाललीय तुझी? पायांना गाणं ऐकू यायला नको. पायांनी आपलं काम करत राहायचं, बहिऱ्यासारखं.”

दिवाळी आली आणि गेली. डावा हात काही शिकला नाही. घरी ऑर्गन नव्हता, म्हणून मी पत्र्याच्या ट्रंकेवर खडूने पट्ट्या काढल्या. रोज संध्याकाळी जमिनीवर मांडी घालून त्या ट्रंकेवर डाव्या हाताची बोटं आपटायचो. आवाज येई तो फक्त पत्र्याचा. बायको भाकरी थापताना वळून बघायची.

“अहो, तुमच्या त्या गाण्यापेक्षा माझ्या भाकरीला जास्त सूर आहे,” ती म्हणाली. ते खरं होतं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “शेजारच्या काकू विचारत होत्या, तुमच्याकडे सुताराचं काम चाललंय का.”

आणि देऊळ तरी हवं तेव्हा कुठे मिळायचं? शनिवारी इंग्रजीवाल्यांच्या कॉयरची तालीम. बुधवारी बायबल क्लास. लग्नसराई सुरू झाली की सजावटवाले पहाटेपासून आत. मी अर्ध्या पायऱ्या चढायचो आणि कळायचं, आज नाही. कॉयरचे एक गृहस्थ एकदा इंग्रजीत म्हणाले की आपण सराव करत असाल तर ऑर्गनचे पाय जरा हळू वापरा, जुनं वाद्य आहे. ते सौजन्याने बोलले होते. मला मात्र आपण बोर्डिंगातून थेट उठून इथे येऊन बसलोय असं वाटलं, आणि एक प्रकारे ते तसंच होतं.

नाताळला दोन्ही हात एकत्र करायचे होते. नाताळच्या उपासनेत बाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि मी ऑर्गनवर एक अगदी सोपं गीत घेतलं. पहिलं कडवं कसंबसं निघालं. दुसऱ्या कडव्यात माझा मित्र तबल्यावर रंगात आला, त्याच्या ठेक्याबरोबर माझे पाय गेले, आणि ऑर्गन असा धापा टाकायला लागला की पुढच्या बाकावरची पोरं माझ्याकडे बघून हसायला लागली. डावा हात मी मांडीवर ठेवून दिला. बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, “अरे यार, ऑर्गनला दमा झालाय का?”

“तुझ्यामुळे झाला.”

“माझ्यामुळे? मी तर मस्त वाजवत होतो. तू एक काम कर ना, गोराईला जा. तिथले बँडवाले सगळे नोटेशनचा कागद बघून वाजवतात. तुला घेतील. लग्नात पेढे पण मिळतील.”

“मला देवळात वाजवायचंय.”

“मग पेटी वाजव की! पेटीवर तू झकास आहेस. आत्या कुठेही उचलू दे, तू लगेच पकडतोस. ते ह्या कागदवाल्यांना जमेल का?”

तो मला चांगलं म्हणत होता, आणि मला त्याचाच राग येत होता. आत्यांच्या मागे धावण्यात मी पटाईत होतो हे मला माहीत होतं. तेच तर मला नको होतं.

जानेवारीत मी वेळापत्रक फाडून नवीन केलं. बाकीचं सगळं सोडलं. एकच गीत घेतलं. ईस्टरचं, परदेशी चालीचं, जुन्या मिशनऱ्यांनी मराठीत आणलेलं. ते आमच्या मंडळीत दरवर्षी म्हटलं जातं. पुस्तकात ते पांढरी चारमध्ये आहे, आत्यांच्या काळी चारपेक्षा बरंच खाली. मी फक्त त्याच्या डाव्या हाताला लागलो. उजवा हात बाईंनी मला मांडीखाली दाबून बसायला लावला. डावा हात रुसायचा, चुकायचा, मध्येच भाता शोधायला पुढे जायचा. एका सकाळी मी वैतागून त्याला ऑर्गनच्या कडेवर आपटलं. बाईंनी पर्समधून आयोडेक्सची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. ती त्या स्वतःच्या बोटांसाठी बाळगायच्या.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा कुठे तो हात वळायला लागला. एका ओळीपुरता. मग दोन. पाय बहिरे झाले. आणि एका सकाळी दोन्ही हातांनी चारही ओळी सलग निघाल्या. हळू, थांबत थांबत, पण चारही सुरांत. खिडकीखाली उभं राहून जे ऐकायचो ते माझ्या हातांतून येत होतं. मी इतका हरखलो की वळून बाईंना म्हणालो, “आता तुमच्यासारखं वाजवायला यायला किती दिवस लागतील?”

“माझ्यासारखं?” बाई म्हणाल्या. “तू मला वाजवताना कधी ऐकलंस?”

“दर रविवारी ऐकतो, बाई.”

“त्याला वाजवणं म्हणत नाहीत रे. मी डाव्या हाताने एक सूर दाबून धरते आणि उजव्याने तुझ्या आत्यांना शोधत फिरते. तुला कधी कळलं नाही?”

मला खरंच कळलं नव्हतं. पेटीचा भाता ओढत, आत्यांची पट्टी पकडायच्या गडबडीत, मी बाईंचा डावा हात कधी ऐकलाच नव्हता.

“मी मिशनच्या मॅडमकडे हे सगळं शिकले,” बाई म्हणाल्या. “नोटेशन, चारही सूर, सगळं. या देवळात नवीन आले तेव्हा पुस्तकाप्रमाणेच वाजवायला गेले. आत्या तेव्हा तरुण होत्या, आवाज आत्ताच्या दुप्पट. त्यांनी त्यांच्या पट्टीत उचललं, मी माझ्या पट्टीत वाजवत राहिले. देवळात दोन गाणी झाली. लोक गोंधळले. उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले, बाई, गाणाऱ्या शंभर आहेत आणि वाजवणाऱ्या तुम्ही एक. मग मी सोडून दिलं.”

“मग मला का शिकवताय?”

“तू उभा राहिलास म्हणून. आणि मला एकदा ऐकायचंय. आपल्या देवळात, आपल्या मराठी शब्दांवर, ते चारही सूर. इंग्रजीवाल्यांचं ऐकून ऐकून कंटाळले मी. मी जाईन त्याच्या आधी एकदा. माझी बोटं आता ते करणार नाहीत.”

त्या दिवशी ऑफिसात माझं कामात लक्ष लागलं नाही. आतापर्यंत मी माझ्यासाठी शिकत होतो. कमिटीत कोणी ‘नाहीच आहे’ म्हणालं होतं त्याला उत्तर म्हणून. आता ते बाईंसाठी झालं, आणि त्याच्या आड फक्त एक माणूस उभं होतं.

मी आत्यांच्या घरी गेलो. त्या दहिसरला मुलाकडे राहत. गॅलरीत एका टोपल्याखाली कोंबडी झाकलेली होती. आत्यांनी मला बसवलं, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली, आणि मी पहिला घास घेतल्याशिवाय बोलू दिलं नाही.

“आत्या, एक मागणं आहे,” मी म्हणालो.

“माग की.”

“ईस्टरला आपण ते पुनरुत्थानाचं गीत म्हणतो ना, त्याच्या आधी मी ऑर्गनवर एक ओळ वाजवणार आहे. तेवढं तुम्ही थांबा.”

“थांबू म्हंजे?”

“म्हणजे पाळकसाहेबांनी नंबर सांगितला की लगेच उचलू नका. माझी ओळ होऊ द्या. मग सगळे मिळून.”

“देवाची स्तुती थांबून करायची व्हय रं?”

“एकच ओळ, आत्या.”

“आनि आवाज कुटं जाईल माजा तवर? घशात बसंल का?” त्या हसल्या. मग माझ्याकडे बघून गंभीर झाल्या. “बाईसाटी करतोस का?”

“हो.”

“मंग थांबते. बाई चांगली हाय. माज्या पोराला तिनंच शाळंत घातलं.” त्यांनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. “थांबते म्हनलं म्हंजे थांबते. प्रभूच्या घरात खोटं बोलायची न्हाय मी.”

मी अगदी हलका होऊन घरी आलो. बायकोला सांगितलं, आता झालं. तिने विचारलं, “त्यांना पट्टीचं सांगितलंत का?” मी म्हणालो, त्यात काय सांगायचं, ओळ ऐकली की तीच पट्टी घेतात ना सगळे. इंग्रजी उपासनेत तसंच होतं. बायको माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “बघा बाई.”

ईस्टरच्या सकाळी देऊळ भरलं होतं. पांढऱ्या साड्या, कडक इस्त्रीचे शर्ट, वेदीवर लिली आणि खाली लोकांनी आणलेल्या अर्पणाच्या वस्तू. अंडी, शेवग्याच्या शेंगा, लोणच्याच्या बरण्या, केक आणि पाय बांधलेली एक कोंबडी. कोंबडी आत्यांची. दर ईस्टरला त्या एक कोंबडी देवाला अर्पण करत, आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव झाला की बोली लावून तीच परत घरी नेत. बाई तिसऱ्या बाकावर, प्रथमच ऑर्गनपासून दूर बसलेल्या. नवीन बिनकाठाची साडी. हात मांडीवर.

पाळकसाहेबांनी नंबर सांगितला.

आत्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले. त्या थांबल्या. त्यांच्या मागे सगळ्या बायका थांबल्या. देवळात अशी शांतता मी आमच्या उपासनेत कधी ऐकली नव्हती. मी पाय चालवले आणि ओळ वाजवली. डावा हात चुकला नाही. एकही सूर चुकला नाही. ओळ संपली, आणि मला तो श्वास ऐकू आला. आमच्या मंडळीचा. मराठी माणसांचा.

आणि आत्यांनी गीत उचललं. काळी चारमध्ये.

त्यांनी शब्द पाळला होता. थांबायला सांगितलं, त्या थांबल्या होत्या. माझी ओळ ही माझी पाळी होती, ती झाली, मग त्यांची सुरू झाली. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध असतो, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांच्या मागे सगळं देऊळ काळी चारमध्ये गेलं, जोरात, आनंदाने, ईस्टरचं. आणि मी पांढरी चारमध्ये चारही सुरांत बसलेलो.

मी सोडलं नाही. पहिलं कडवं मी पुस्तकाप्रमाणे वाजवलं. वाटलं, ऐकतील. कोणीतरी ऐकेल, खाली उतरेल. उलट आत्यांना वाटलं ऑर्गन कमी पडतोय, म्हणून त्यांनी आवाज आणखी चढवला. मागच्या बाकांवर काही पुरुष अर्धवट माझ्याकडे आले आणि मध्येच लटकले. ज्याला कान आहे त्याचे दात आंबावेत असं ते चाललं होतं. मित्राने तबला थांबवून दोन्ही हात वर केले, वाट लागली अशा अर्थी. पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते. बाईंकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

दुसऱ्या कडव्याला मी डावा हात उचलून मांडीवर ठेवला. उजव्या हाताने आत्यांना शोधलं. त्या मला दोन सुरांत सापडल्या, नेहमीसारख्या. मग सगळं नीट झालं. गाणं एक झालं, तबला आला, लोक खुलून गायले. इतक्या महिन्यांत माझ्या हातून इतकं सहज काही वाजलं नव्हतं, आणि त्याचा मला इतका संताप आला की शेवटच्या कडव्यात माझे डोळे भरले. शेजारच्या बाकावरच्या कोणाला तरी वाटलं असेल, पुनरुत्थानाने भारावलाय.

आशीर्वचन झालं. सगळे अंगणात गेले. माझा मित्र दरवर्षी लिलाव पुकारायचा. त्याचा आवाज खिडकीतून यायला लागला, “केक! घरचा केक! बोला, बोला, खायचाय की बघायचाय?” मी ऑर्गनवरच बसून राहिलो. झाकण लावायला हात जात नव्हता.

बाई हळूहळू पुढे आल्या आणि पहिल्या बाकावर, आत्यांच्या जागेवर बसल्या.

“बाई, मी पट्टीचं सांगितलंच नाही त्यांना,” मी म्हणालो. “बायकोने विचारलं होतं.”

“सांगून काय झालं असतं?”

“माहीत नाही.”

“मलाही नाही.” त्यांनी पर्स बाजूला ठेवली. “वाजव.”

“आता? गाणार कोण?”

“मी.”

मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. ऑर्गनवर बसणाऱ्याला कोण ऐकतो? मी पाय चालवले, ओळ वाजवली, आणि बाईंनी माझ्या पट्टीत पहिला शब्द उचलला. आवाज बारीक, वय झालेला, वरच्या सुराला तुटणारा. मी हळू घेतलं. डावा हात आपल्या वाटेने खाली उतरत गेला, उजवा वर, आणि मध्ये बाईंचे शब्द. मराठी शब्द. बाहेरून “कोंबडी एकवार! कोंबडी दोनवार!” येत होतं आणि लोक हसत होते. दुसऱ्या कडव्यात एका ठिकाणी मी चुकलो, बाई माझ्यासाठी थांबल्या आणि मग पुढे गेल्या. चार कडवी झाली. शेवटचा सूर मी हवा संपेपर्यंत धरून ठेवला.

बाईंनी रुमाल काढून चष्मा पुसला.

तेवढ्यात दाराशी चाहूल लागली. आत्या. बगलेत कोंबडी. बाकावर राहिलेली छत्री न्यायला त्या परत आल्या होत्या, आणि किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. कोंबडीही गप्प होती.

“बाई,” आत्या म्हणाल्या, “लई ग्वाड गायलीस गं.” मग माझ्याकडे वळून, मनापासून: “चांगलं गानं हाय रं. कंचं हाय हे? आपल्या पुस्तकात हाय का? आपुन बी म्हनू की कधीतरी.”

मघाशी त्यांनीच उचललेलं गीत होतं ते. मी बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा आधी सरळ होता. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला आधी कळेना. मग त्यांनी तोंडावर रुमाल दाबला आणि मोठ्याने हसल्या. आत्यांना कारण कळलं नाही, पण त्याही हसायला लागल्या, आणि कोंबडी फडफडली. फक्त मी हसलो नाही.

पुढच्या आठवड्यात बाई बेळगावला गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारपासून ऑर्गन माझा झाला. मी आतापर्यंतचं आयुष्य असं जगलो होतो की ठरवावं, अभ्यास करावा, पास व्हावं. इथे मी ठरवलेलं पुरं झालं होतं, अगदी दिलेल्या मुदतीत, आणि तरी निकाल कुठे लागलाय हे मला समजत नव्हतं. मी पुढे एकदा आत्यांना पट्टीचं समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भाकरी वाढली, आणि म्हणाल्या, “तू कशाला घाबरतो? मी हाय की.”

त्यानंतरच्या रविवारी पाळकसाहेबांनी नंबर सांगितला. आत्यांनी उचललं. मी उजव्या हाताने त्यांना गाठलं आणि डाव्याने एक सूर दाबून धरला, बाई धरायच्या तसा. फक्त अर्पणाच्या वेळी, पिशवी बाकांमधून फिरत असते आणि कोणी गात नसतं, तेव्हा मी पुस्तक उघडायचो आणि चारही सुरांत काहीतरी वाजवायचो. पिशवी उजव्या बाजूने निघायची, त्यामुळे ती आत्यांकडे सगळ्यांत आधी पोचे. पदराची गाठ सोडून नाणी टाकून झाली की त्या मान हलवत ऐकत बसायच्या. पिशवी मागच्या बाकापर्यंत जाऊन परत येईपर्यंत माझा वेळ. कधी गीत अर्धवट राहायचं.